धुतलेली सहाण

डॉक्टर : दूध सोडून आज आणखी काय दिलंत ह्याला? नीट आठवून सांगा.

सून : काहीच नाही, डॉक्टर. वरचं काही द्यायचंच नाही असा माझा नियम आहे. पोटातल्या गॅससाठी तुम्ही लिहून दिलेले थेंब तेवढे देते.

डॉक्टर : त्या थेंबांनी मूल असं झोपत नाही. हे बघा, हात उचलून सोडला की पडतो. तळव्याला टिचकी मारली तर नुसते ओठ हलवतोय. घरी आणखी कोण असतं?

सून : ह्या असतात. माझ्या सासूबाई.

डॉक्टर : आजी, तुम्ही काही दिलंत का?

सासू : जायफळ दिलं.

सून : आई.

सासू : दिलं म्हणून दिलं म्हणतेय. सकाळी, अंघोळ झाल्यावर. पाय पोटाशी घेऊन नुसता कळवळत होता. बघवेना.

सून : तुम्ही शब्द दिला होतात. तुमच्या लेकासमोर. आता घरात उगाळून काही द्यायचं नाही म्हणून.

सासू : दिला होता.

सून : मग?

डॉक्टर : ते तुम्ही घरी जाऊन बोला. आजी, किती दिलं?

सासू : एक वेढा. सहाणेवर थोडं दूध घ्यायचं आणि जायफळ एकदा गोल फिरवायचं. बोटाला लागेल इतकंच निघतं. माझी दोन्ही पोरं त्यावर वाढली.

डॉक्टर : एवढ्याने ही गुंगी यायची नाही. आजी, खरं सांगा. ह्याला किती वेळ मशीनवर ठेवायचं, सुई लावायची की नाही, सगळं त्यावर ठरणार आहे. तुम्हाला कोणी बोलणार नाही.

सासू : बोलतील की. बोलायलाच हवं. अगं, तुला काही आठवतंय का?

सून : मला? मला काय आठवणार?

सासू : सहज विचारलं. दिवसभर घरात तूच होतीस.

सून : मी काम करत होते, आई.

सासू : बरं. डॉक्टर, लिहून घ्या. दुपारी परत दिलं.

सून : दुपारी?

सासू : हो, दुपारी. तू कामाला बसायच्या बेतात होतीस. आणि दुपारी हात जड पडला. चांगलं चमचाभर निघालं असेल, घट्ट. जायफळाची एक बाजू सपाट झालीय.

डॉक्टर : चमचाभर? ह्या एवढ्याशा जिवाला? किती वाजता?

सासू : तू कामाला कधी बसलीस गं?

सून : दोनला.

सासू : मग त्याच्या थोडं आधी.

डॉक्टर : बरं झालं सांगितलंत. आता निदान कशाशी गाठ आहे ते कळलं. पण आजी, एक ऐकून ठेवा. झाडाला लागतं म्हणून ते काही खेळणं होत नाही. जायफळ मोठ्या माणसालासुद्धा आडवं करतं. मूल पोट धरून रडत असेल तर उभं खांद्यावर घ्या, ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, पोटावरून हात फिरवा. तरी रडलं तर रडू द्या आणि मला फोन करा. पण झोपवायला म्हणून काही पाजायचं नाही.

सासू : नाही पाजणार.

डॉक्टर : श्वास सध्या ठीक आहे. ठोके जरा जलद आहेत. मी ह्याला आत नेते, रात्री इथेच ठेवावं लागेल. तुम्ही दोघी बाहेर बसा.

(डॉक्टर बाळाला घेऊन आत जातात. बाहेरच्या बाकावर दोघी, मध्ये बाळाच्या कपड्यांची पिशवी.)

सून : वाचेल ना तो?

सासू : असं बोलू नये. श्वास ठीक आहे म्हणाली ना ती.

सून : ‘सध्या’ म्हणाली. तुम्ही ऐकलं नाहीत, ‘सध्या’ म्हणाली.

सासू : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. ती पिशवी इकडे दे, पिळून पिळून फाडशील.

सून : तुम्ही सकाळी दिलंच नसतं तर एवढं झालं नसतं. मला सांगितलंही नाहीत. मला वाटत होतं, तुम्ही बंद केलंत. तुम्ही शब्द दिलात की पाळता, एवढं तरी मला वाटत होतं. नाहीतर मी कशाला...

सासू : हळू बोल. समोर माणसं बसलीत.

सून : तुम्हाला माहीत आहे.

सासू : काय?

सून : दुपारी तुम्ही घरात नव्हतातच. चष्म्याची काडी जोडायला गेला होतात. चार वाजता आलात.

सासू : हो. चष्मा दुकानातच आहे अजून. इथवर तुझा दंड धरून आले, ते काय उगाच?

सून : मग तुम्हाला कसं कळलं?

सासू : सहाणेवरून. मी ती कधी धूत नाही, फडक्याने पुसते आणि पिठाच्या डब्यामागे आडवी सारते. चोरी ती, कुणाला दिसायला नको. आज येऊन हात घातला तर सहाण उभी. ओली. हाताला गुळगुळीत, धुतलेली. मनात म्हटलं, एवढी टापटीप माझी नव्हे. मग जायफळ चाचपलं.

सून : तेव्हाच का नाही बोललात?

सासू : बोलले की. पोराला उठवून बघ म्हणाले. तू काय म्हणालीस? झोपू द्या, किती दिवसांनी झोपलाय.

सून : मला वाटलं, तो खरंच झोपलाय.

सासू : दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मीच त्याला उचललं, तर मान अशी मागे गेली. मग कसली सहाण नि कसलं काय. तुला हाका मारत दार गाठलं.

सून : एक बाई फोनवर होती, आई. काल. तिच्या वॉशिंग मशीनमधून पाणी गळत होतं. मी तिला क्रमाने सगळं सांगतेय, आणि हा मागे किंचाळतोय. ती म्हणाली, तुम्ही आधी मूल सांभाळा, मग तक्रारी ऐका. गोड आवाजात म्हणाली. पण ते सगळं रेकॉर्ड होतं. आज सकाळी सुपरवायझरचा निरोप आला, असं पुन्हा चालणार नाही. रजेवरून येऊन आठवडा झाला नाही मला.

सासू : मला सांगायचंस.

सून : तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्याकडून शब्द घेतला त्या दिवशी मी काय काय बोलले तुम्हाला. अडाणी म्हणाले.

सासू : अडाणी नाही, ‘मागासलेल्या’ म्हणालीस. लक्षात आहे माझ्या.

सून : दुपारी हेडफोन हातात, आणि हा थांबेना. खांद्यावर घेतलं, फिरवलं, पोट चोळलं. मग डब्यामागे हात गेला. तुम्ही कुठे ठेवता ते मला कधीपासून माहीत होतं. किती उगाळायचं ते माहीत नव्हतं. मी आपली घासत गेले. चमच्यात दिसायला लागेपर्यंत घासलं.

सासू : अगं माझे बाई.

सून : आणि तो झोपला. मी खूश झाले, आई. सगळे फोन घेतले. एकदाही आत जाऊन बघितलं नाही.

सासू : पुरे आता.

सून : तिथे आत मी तोंड उघडलं नाही. डॉक्टर विचारत होत्या आणि मी गप्प. तुम्ही बोलला नसतात तर?

सासू : तू बोलली असतीस. जरा उशिरा बोलली असतीस, इतकंच. तेवढा उशीर नको होता, म्हणून मी बोलले.

सून : सगळं स्वतःवर घेतलंत.

सासू : निम्मं माझंच होतं. सकाळचा वेढा मी दिलाय, तो काही तू दिला नाहीस. मीही चोर, तूही चोर, आणि दोघींनी एकाच लेकराच्या पोटावर डल्ला मारला. आधी एकमेकींना विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. पण विचारणार कोण? तुझा तोरा आणि माझा हट्ट.

सून : फोन वाजतोय. तुमच्या लेकाचाच आहे. निघाला असेल ऑफिसातून.

सासू : घे ना मग. आणि ऐक. डॉक्टरला मी सांगितलं तेच त्याला सांग.

सून : म्हणजे तो तुम्हाला उद्या ताईंकडे पाठवेल. त्या दिवशी म्हणालाच होता, पुन्हा असं काही केलंस तर इथे राहायचं नाही.

सासू : पाठवू दे. लेकीचं घर काही परकं नाही. खिडकी आहे तिच्याकडे बसायला.

सून : आणि गुंडू?

सासू : गुंडूला आई आहे. त्याला आयुष्यभर तुझ्याजवळ राहायचंय, आणि तुला त्याच्या बापाजवळ. त्या दोघांच्या मनात हे कशाला राहायला हवं? म्हातारीचं काय, म्हातारी चुकली म्हणतील आणि विसरतील.

सून : तुम्ही रडताय.

सासू : चष्मा नसला की पाणी येतं. फोन घे, बंद होईल तो.

सून : हॅलो. हो, दवाखान्यातच. आत नेलंय त्याला. श्वास ठीक आहे म्हणाल्या. जायफळ. हो. ओरडू नकोस, आधी ऐक. पूर्ण ऐक. सकाळी आईंनी दिलं, बोटाला लागेल इतकं. दुपारी मी दिलं. मी. हो, मीच. चमचाभर. आईंना मी विचारलं नाही, त्यांनी मला सांगितलं नाही. का ते घरी सांगते, फोनवर नको. नाही, कोणी कुठे जाणार नाहीये. तू ये. आणि येताना वाटेत आईंचा चष्मा घेऊन ये, दुकान बंद व्हायच्या आत. त्यांना दिसत नाहीये. ठेवते.

सासू : काय म्हणाला?

सून : ‘येतो’ एवढंच म्हणाला.

सासू : तो असाच. थोडकं बोलला की मला जास्त भीती वाटते, लहानपणापासून. सांगायला नको होतंस.

सून : मला काय म्हणायचं ते त्याला म्हणू दे.

डॉक्टर (बाहेर येऊन) : या आत. डोळे उघडलेत त्याने. पूर्ण नाही, पण कुरकुर सुरू झालीय. रात्रभर लक्ष ठेवावंच लागेल, आत्ताच सुटलो समजू नका. बाळाच्या आई, तुम्ही जरा जवळ घेऊन बसा.

सून : डॉक्टर, दुपारचं मी दिलं होतं. ह्यांनी नाही.

डॉक्टर : हं. माप तेच होतं ना?

सून : तेच.

डॉक्टर : मग आत या.

सून : आई, तुम्हीही चला. रडायला लागला तर माझ्याकडे थांबत नाही. तुम्ही उभं धरून पाठीवरून हात फिरवलात की गप्प होतो.

सासू : चल, येते. दंड दे तुझा. पण आज गप्प नको करायला. आज रडू दे त्याला.