तिसरा जोड आणि जेसीबीची चावी

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा गॅसच्या पाइपलाइनचे वेल्डिंगचे जोड तपासणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझ्याविरुद्ध जेसीबीची चावी चोरल्याची तक्रार आहे. तक्रारदार हे त्याच कामावरचे सुपरवायझर असून माझे सख्खे धाकटे दीर आहेत. ते खालच्या मजल्यावर राहतात. जेवण सासूबाईंकडे एकत्र असते.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी पाइपसाठी खोदलेल्या चरावर पोचले. तीन जोड पूर्ण झाले होते. दोन जोड मी तपासलेल्या, कोरड्या वेल्डिंग रॉडने झाले होते. तिसरा माझ्या माघारी झाला. रॉड सुकवायचा ओव्हन बंद होता आणि रॉडचा पुडा सोमवारपासून दमट हवेत उघडा पडला होता.

दीर म्हणाले, "वहिनी, जोड बघा कसा आरशासारखा आहे. सही करा, दुपारी माती लोटून रस्ता मोकळा करतो."

मी म्हणाले, "भाऊजी, अठ्ठेचाळीस तास."

ते म्हणाले, "लोखंड आहे ते, लोणचं नाही मुरायला."

जोड चांगला दिसतो तर थांबायचे कशाला, असे अंमलदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ओल्या रॉडमधल्या पाण्याचा हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद गार झाले की तो आत अडकतो, जोडाशेजारी कडक झालेल्या भागात गोळा होतो आणि एक-दोन दिवसांनी तिथे आतून चीर पाडतो. पाहुणा पहिल्या दिवशी गोडच असतो. हे वाक्य काढावे असे साहेब म्हणाले. मी राहू द्या म्हणाले.

दीर जेसीबीच्या चालकाला हाक मारायला वळले. चालक चहाला गेला होता. चावी यंत्रातच होती. ती मी काढून पर्समध्ये टाकली आणि चालत घरी गेले. कोणी अडवले नाही.

दुपारी चार वाजता दिरांनी तक्रार दिली. आठ वाजता आम्ही एकाच टेबलावर जेवलो. ते मला "मीठ द्या" एवढेच म्हणाले. मी दिले. सासूबाई म्हणाल्या, "चावी द्यायची नसेल तर नको देऊस, पण तोंडं सरळ करून जेवा."

बुधवारी येथून निरोप आला. गुरुवारी दुपारी येते, असे मी कळवले.

यापूर्वी मी एकदा जोड झाला त्याच दिवशी सही केली होती. त्याला अकरा वर्षे झाली. त्याबद्दल मला आज विचारण्यात आलेले नाही.

आज गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जोड तपासले. पहिले दोन चांगले आहेत. तिसऱ्याच्या कडेने आत नऊ सेंटिमीटर लांब चीर आहे. वरून काही दिसत नाही. दीर चरात उतरून माझ्या शेजारी उकिडवे बसले. पडद्यावरची रेघ त्यांनी मला तीनदा दाखवायला लावली. मग म्हणाले, "ओव्हनचा फ्यूज सोमवारीच उडाला होता, वहिनी. मीच म्हटलं, चालवून घ्या."

मी जोड कापायच्या खुणा केल्या आणि चावी चालकाच्या हातात दिली.

समोर प्राथमिक शाळा आहे. दिरांची मुलगी तिथे चौथीत आहे. दीर चरातून वर आले आणि शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. परत येऊन म्हणाले, "अठ्ठावीस पावलं." मी त्यांना मोजायला सांगितले नव्हते.

ते आता बाहेर बाकावर बसले आहेत. तक्रार मागे घ्यायची म्हणतात. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी "चोरून नेली" असे लिहिले होते, तिथे माझ्या सांगण्यावरून "घेतली" केले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.