सासूबाईंच्या हातातली खाडी

सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ बघायचं मशीन, एवढंच आपल्याला ठाऊक होतं ना, तेव्हाची ही गंमत. माझ्या सासूबाई खाडीकाठच्या कोलशेतच्या कोळीण. उलट्यांनी पार सुकून गेल्या होत्या. ठाण्याच्या नर्सिंग होममध्ये सिस्टरने दोन्ही हात टोचून पाहिले, पण शीर सापडेना. सलाइन लागलं नसतं तर काही खरं नव्हतं, आणि सासूबाई म्हणत होत्या, "आता टोचलंस तर उठून घरी जाईन!"

शेवटी डॉक्टरबाईंनी ते मशीन आणलं आणि सासूबाईंच्या दंडाला जेली लावली.

"अगं बाय, मी काय पोटुशी हाय?"

"शीर शोधतेय, आजी. मशीनचं हे टोक शिरेला आडवं धरलं की तिचा नुसता काळा ठिपका दिसतो. आता उभं धरते, बघा."

पडद्यावर एक बारीक काळी वाट उलगडली. सासूबाई बघतच राहिल्या.

"ही तं आमची खाडी," त्या हळूच म्हणाल्या. "ओहोटीची."

त्या वाटेत सुईची चमकती रेघ अलगद शिरली.

"सूनबाय, होडी आली बघ." त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

सलाइन सुरू झालं. डॉक्टरबाई मशीन बंद करायला गेल्या, तशा सासूबाई अर्धवट झोपेत म्हणाल्या, "थांब गं पोरी, भरती बघू दे."