सात नंबरच्या माडाचे पहिले मडके

पोलीस ठाणे रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. तारीख १९ नोव्हेंबर १९५४.

जबाब देणार : बाबाजी रामा मयेकर, वय ४७, जात भंडारी, धंदा पूर्वी माडी काढणे, दारूबंदी आल्यावर तीन वर्षे मोलमजुरी, गेल्या सालापासून परवान्यावर नीरा काढणे, राहणार चौल.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझ्या घरात तीन पिढ्या माड छेवण्याचे, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याची पोय कापून तिला मडके बांधून रस धरण्याचे काम आहे. सन १९५० साली बंदी आली आणि आमचे कोयते खुंटीला लागले. गेल्या साली चौलात आम्हा अकरा भंडाऱ्यांची नीरा सोसायटी झाली, तेव्हा ते पुन्हा खाली उतरले.

मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला तर उन्हे वर येईपर्यंत त्याची माडी होते. नीरेला परवाना आहे, माडीला तुरुंग आहे. हे मला पक्के माहीत होते. माहीत नव्हते असे लिहू नये.

आमच्यात चाल अशी की, नवा माड धरला की पहिले मडके बिनचुन्याचे बांधायचे आणि ती माडी कोणी न पिता बुंध्याशी वाडीच्या राखणदार देवाला ओतायची. नाही ओतली तर तो माड माणूस पाडतो. माझे वडील पडले ते तसल्याच माडावरून. कायदा करणाऱ्यांत कोणी माडावर चढणारा असता तर या एका मडक्याची सूट कागदात आली असती.

सोसायटीचा सेक्रेटरी सदा हा माझा लहानपणचा सोबती आणि माझी धाकटी बहीण मनुबाई हिचा नवरा. माडावर पाय कसा रोवायचा हे त्याला मी शिकवले. गेल्या महिन्यात कागद आला की परवाने अकराचे सहा होणार, ज्यांच्यावर गुन्हा नाही त्यांचेच राहणार. कागद सदानेच आम्हाला वाचून दाखवला. सरकारने धंदा काढून घेतला, मग अर्धा परत दिला, आता त्यातलाही अर्धा मागते, असे मी म्हणालो. सदा हसला.

१६ तारखेस संध्याकाळी सात नंबरचा नवा माड धरायचा होता. मी सदाला विचारले, "भावजी, चुना लावू का राखणदाराचं करू?" तो म्हणाला, "राखणदाराचं आधी. कागद काय माडावर चढून बघतो व्हय? मी हाय ना." हे आम्हा दोघांतच झाले. तिसरे कोणी नव्हते.

१७ तारखेस सकाळी मी त्या माडावर असताना दारूबंदीचे जमादार दोन शिपायांसह वाडीत आले. वाडीत परवान्याचे तेवीस माड आहेत. बाकीच्या बावीसांकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. सदा त्यांच्याबरोबर होता आणि छत्रीने माड दाखवत होता. पाऊस नव्हता. मी वरून विचारले, "सदा, काय रं ह्ये?" तो जमादारांना म्हणाला, "ह्योच." मडके मीच खाली आणून दिले. उतरताना, पडलो असतो तर बरे झाले असते, असे मला वाटले.

काल मनुबाई माझ्याकडे आली. उंबऱ्यावरच बसली, चहाला हात लावला नाही. म्हणाली, "दादा, ह्यांचं नाव घेऊ नको. सहात आमचा एक हाय." मी तिला बरे म्हणालो.

ही चाल आणखी कोण पाळतो, असे विचारल्यावरून सांगतो की, सर्वच पाळतात. गेल्या साली तीन नंबरचा माड सदाच्या वाट्याचा होता. त्याला ताप होता म्हणून त्याचे बिनचुन्याचे मडके मीच बांधले आणि त्याच्या नावाने ओतले. हे मी आजवर कोठे बोललो नाही. बोलावे असे कधी मनातही आले नव्हते.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. तीन नंबरच्या माडाची हकिगत काढून टाका, असे मी म्हणालो. लिहिलेले काढता येत नाही, खोटे असेल तर तसे सांग, असे ते म्हणाले.

खोटे नाही. बाकीचा जबाब मी सांगितला तसाच आहे, आणि तीन नंबरचे तेवढेही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, बाबाजी रामा मयेकर.