आयझॅकच्या क्रंबलची बिअर

नाही हो, अशी पाण्यासारखी नाही ढोसायची ती! ठेवा, ग्लास खाली ठेवा आधी. मी म्हटलं चव बघा, आणि तुम्ही निघालात तहान भागवायला. चहा मिळेल हो, मिळेल — किटली ठेवलीय आत. तोवर बूट काढा, शेकोटीपाशी ठेवा, मोजेसुद्धा काढा, इथे कोण बघतंय तुमचे पाय? दुपारी दोन वाजता या पबात मी आणि ते भिंतीवरचं पेंढा भरलेलं मेंढ्याचं डोकं, दोघंच असतो. आज तुम्ही आलात तर तिघं झालो. तुमच्यासारखे डोंगर चढायला आलेले लोक पावसाने झोडपले की आत येतात, चहा मागतात, नकाशा वाळवतात आणि जातात. मी ऑड्री. तुमचं नाव नका सांगू, राहत नाही लक्षात.

तर ही बिअर. ही आपली नेहमीची कडू एल नव्हे — ही डॅमसन क्रंबलची आहे, म्हणजे आंबट जांभळे आलुबुखार, वर पिठाचा खुसखुशीत थर देऊन भाजलेले. हसू नका! हल्ली जेवणानंतरच्या गोडाची बिअर काढायची टूमच निघालीय — कुणी चेरीच्या टार्टची काढतं, कुणी रुबार्ब-कस्टर्डची. आयझॅक असता तर म्हणाला असता, उद्या मटणाच्या रश्श्याची काढा. आयझॅक म्हणजे माझा नवरा. गेला. येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. बारच्या मागे उभा राहायचा तो इथेच, जिथे मी आहे — आणि मी तिकडे, स्वयंपाकघराच्या दारात, त्याच्या बडबडीला कंटाळून. आता बडबड माझ्याकडे आली. कुणाशी करायची तेवढं कळत नाही.

हो हो, येते मुद्द्यावर. नदीपलीकडे हेस्टर बर्केटची बिअरची भट्टी आहे, जुन्या गोठ्यात. एकटी बाई, पिंपं स्वतः उचलते, हात बघाल तर लोहाराचे. तिने काढलीय ही. आयझॅक बारवर फुशारक्या मारायचा ना — माझ्यासारखं डॅमसन क्रंबल अख्ख्या वेस्टमोरलंडात कुणी करत नाही म्हणून — ते तिने ऐकलेलं. वसंतात आली नि म्हणाली, ऑड्री, त्याची बिअर करू या, कृती लिहून दे. दिली. सोमवारी तिने पिंप आणून तळघरात ठेवलं. जिवंत असते ही बिअर, पिंपातही आंबत राहते, गाळ खाली बसायला दोन दिवस लागतात, आणि मग पबच्या मालकाने स्वतः चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही, असा आमच्याकडे नेम आहे. आज तीन वाजता येणार हेस्टर. बारवरच्या बिअरच्या पंपावर लावायची पाटी रंगवून घेऊन येणार, आयझॅकच्या नावाची. म्हणाली, तू सांग त्याच्या क्रंबलसारखी झालीय का. हो म्हणालीस तर शनिवारच्या जत्रेत त्याच्या नावाने लावू, नाही म्हणालीस तर पिंप मोरीत ओतते, नावही नाही नि काही नाही. आहे की नाही सरळ बाई?

मी का नाही चाखत? चाखली की! सकाळीच चाख— जाऊ दे. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, तासाभरात तुम्ही डोंगरापलीकडे असाल. मला चव लागत नाही हो. फेब्रुवारीत ताप आला, आठ दिवस पडून होते, उठले ती नाक तिथेच टाकून. आंबट, खारट, थोडं गोड, एवढं कळतं. बाकी सगळं कोरं. डोळे मिटून कांदा दिलात तर सफरचंद म्हणून खाईन मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल परत, येईल. कधी? ते नाही सांगत. कुणाला बोलले नाही मी. पबच्या मालकिणीला चव नाही म्हटल्यावर राहिलं काय? पिंप चाखताना मी नुसता चेहरा करते — चाळीस वर्षांची सवय, तो आपोआप होतो — घोट घ्यायचा, भुवया वर, मान डोलवायची. मग पहिल्या गिऱ्हाइकाचं तोंड बघत बसते. ऑगस्टात एक आंबलेलं पिंप तसंच लावलं. म्हातारा टॉडहंटर अर्धा ग्लास तसाच ठेवून उठला. आमच्याकडे लोक बोलत नाहीत, नुसते यायचे बंद होतात. तोही झाला.

मग गावातलं कुणी का नाही बोलावलं, असंच ना? अहो, पण त्याचं क्रंबल खाल्लंय कुणी? पबात आम्ही दुकानचा ॲपल पाय गरम करून द्यायचो. क्रंबल मंगळवारी. मंगळवारी पब बंद, मग हा बाबा बाह्या सरसावून आत शिरायचा. बागेतले डॅमसन, बिया एकेक करून स्वतः काढायचा, बोटं जांभळी व्हायची ती शुक्रवारपर्यंत तशीच. वर लोणी, पीठ, साखर चोळून घालायची. दोघांपुरतं एक ताट. ओव्हनमधून निघालं की मला हाक नाही मारायचा — ताटावर चमचा वाजवायचा. सदतीस वर्षं. मूलबाळ नाही आम्हाला. म्हणजे ती चव होती ती दोन जिभांवर. त्यातली एक मातीत गेली, आणि ही एक अशी. रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवायला बसते, कशी होती बाई ती चव, कशी होती — आंबट होती एवढंच येतं. चेहरा येतो त्याचा, आवाज येतो, ती चव काही येत नाही. रडू येतं मग. सत्तरीच्या बाईने पुडिंगासाठी रडायचं, काय म्हणावं!

तेव्हा तुम्ही आता माझी जीभ व्हा. घ्या, लहान घोट. लगेच गिळू नका, फिरवा तोंडात. आधी आंबट येतंय? चांगलं, आंबटच यायला हवं, आणि दातांच्या मुळाशी जरा तुरट? — बरोबर! मग? भाजलेल्या पिठासारखं, बिस्किटासारखं? लोण्याचा वास? वाहवा हो हेस्टरबाई. फार गोड तर नाही ना झालीय? त्याला गोड खपायचं नाही. नाही? बरं. गिळा आता. गिळल्यावर काय राहतंय मागे? घाई नाही, विचार करून सांगा.

काय?

परत सांगा. बडीशेप?

नक्की? अहो, दालचिनी असेल, लोक गल्लत करतात. अजून एक घोट घ्या बरं. माझ्याकडे बघू नका, ग्लासाकडे बघा. — बडीशेपच. आणि शेवटी, सगळं संपल्यावर येते. हं.

नाही, काही नाही. बसा. बिघडली नाहीये बिअर, छान झालीय. बडीशेप तो घालायचा. त्याच्या आत्याची पद्धत, चिमूटभर, तव्यावर भाजून, अंगठ्याने चुरडून वरून टाकायची, अगदी शेवटी. बारवर हे तो कधी बोलायचा नाही — कृती विचारली की म्हणायचा, डॅमसन, लोणी आणि माझे हात. आणि हेस्टरला मी कागदावर सगळं लिहून दिलं, लोण्याचं माप, ओव्हनमध्ये किती वेळ, सगळं, आणि बडीशेप लिहिली नाही. विसरले नाही, मुद्दामच. म्हटलं सगळ्या गावाने प्यावं त्याला, पण एवढं एक माझ्यापाशी राहू दे. कागद देताना दोनदा वाचून बघितला मी, चुकून लिहिलं तर नाही ना म्हणून.

मग हिला कुठून कळलं?

बिअरीत हॉप्सची फुलं घालतात, त्यांची येत असेल तशी चव? येते का हो? तुम्हाला काय माहीत म्हणा. सुचलं असेल तिचं तिला. डॅमसनला बडीशेप — सुचेल की एखादीला. सुचेल? चाळीस वर्षांत कुणाला सुचलेलं मी तरी ऐकलं नाही. तो असताना माझी बहीण विनी केंडल गावी असायची, आजारी होती, चौदा महिने दर मंगळवारी जायची मी तिच्याकडे, मुक्कामाला. बुधवारी सकाळी येऊन बघते तर सिंकमध्ये दोन बशा, दोन चमचे. मी विचारलंही होतं. म्हणाला, दोनदा खाल्लं गं, एकदा गरम, एकदा गार. आणि मी हसले! खादाड म्हटलं त्याला, आणि दोन्ही बशा मीच घासल्या.

असो. एकटा माणूस, बायको परगावी, कुणी पिंप पोचवायला आलं, जेवायला थांबलं — त्यात काय एवढं? काहीच नसेल. किंवा असेल. आता कुणाला विचारू? तिलाही आठवत नसणार की हे मी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तर ही त्याची साधी कृती. माझ्यासमोर ग्लास धरून विचारणार, झालीय का गं त्याच्यासारखी? आणि झालीय हो! तंतोतंत झालीय. नाही म्हटलं तर त्याचं नाव मोरीत, आणि हो म्हटलं तर —

तिची गाडी वाजली. तीच, पुलावर गिअर बदलते.

बशांचं नाही मला काही वाटत. खरंच नाही. पण ती आता आत येईल, पंप ओढेल, एक घोट घेईल, आणि तो येईल तिच्या जिभेवर जसाच्या तसा. तिला लागते हो चव.

चहा? नाही मिळणार चहा. बूट घाला. ओले असले तर ओले घाला, मागच्या दाराने जा, फाटक ओढून घ्या. आणि तो ग्लास द्या इकडे. नाही, धुवायला नको. उरलीय ना त्यात थोडी? द्या.