माफी आधी, ठेचा नंतर

तुम्हाला सांगतो, आमच्या निलेशइतका भित्रा माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही. नातीला आणि मला घेऊन उरायासुच्या घरून गाडी काढली, त्सुकुबाच्या डोंगराखाली तंबू ठोकला, आणि पोरगा बापाला म्हणतो, "बाबा, इथे ठेचा कुटायचा नाही. एक जरी तक्रार आली तरी गाडी घरी फिरवीन."

मी तर खलबत्ता पांघरुणात गुंडाळून आणलेला!

नव्या घरात राहायला गेला तेव्हा ह्यानेच इथल्या रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना टॉवेल वाटून, होणाऱ्या आवाजाची आधीच माफी मागितली होती. मीही चिवड्याच्या पुड्या घेतल्या, प्रत्येक तंबूपुढे कमरेत वाकून "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, असं म्हटलं, खलबत्ता दाखवला आणि मिरच्या कुटायला बसलो.

निलेश नळावरून धावत आला. "बाबा! बंद करा ते!"

"अरे, माफी मागून झालीय. आता ती वाया घालवू का?"

तो आणखीच किंचाळला. तेवढ्यात कॅम्पचा मॅनेजर आला, वाकून हळूच काहीतरी बोलला. निलेश लालबुंद.

"काय म्हणतोय गं?" मी नातीला विचारलं.

"तक्रार आलीय, आजोबा. बाबा फार ओरडतात म्हणून."

मी पुन्हा बत्ता उचलला. "काय निलेशसान, फिरवताय ना गाडी?"