आप्पांचा तळहात

आमच्या वडिलांना कमी समजू नका हां! परवा मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली, पण स्क्रीनवर जुनी एकटीच दिसत होती! लगेच दुकानदाराला फोनवर झापलं, "खराब माल गळ्यात मारलास."

आप्पा शेजारीच होते. आयुष्यभर यंत्रमागावर काम करून त्यांचे कान गेलेत. त्यांनी कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हात घातला आणि दोन्ही डिस्कवर तळवा टेकवून पाहिला.

"ही फिरतीय. ही गप हाय. करंटच न्हाय हिला."

बघतो तर नव्या डिस्कची विजेची वायर लोंबतेय! ती लावून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. स्क्रीन अजून काळीच होती, तोवर नव्या डिस्कवर तळवा ठेवून आप्पा म्हणाले, "फिरली बघ. आता त्या दुकानदाराला फोन लाव. मघाशी ऐकू न्हाय आलं, पण त्याला झापताना तुझं तोंड दिसत होतं की!"