जवानांच्या नावाच्या बाटल्या

हॅलो? … हॅलो! कोण? … हाव, भगवानरावच बोलून राह्यलो. … आयकू नाही येत. मोतीराम! अबे मोतीराम, तू लाइनीतून बाजूले हो आंधी. टेलिफोन हापिसात बसला म्हणून दर फोनात खोकलंच पाह्यजे काय? … हां. आता आलं. बोला, कोण?

डॉक्टरीणबाई! नमस्कार, नमस्कार. सरकारी दवाखान्यातून ना? … नाही, जेवण व्हायचं हाय. ताट वाढलेलंच हाय, पण तुमी बोला.

हाव… हाव… बाटल्या ना? कालच्या रक्तदानाच्या? साऱ्या माह्याच घरी हायेत. एकोणीस. … बर्फातच हायेत, बाई. अख्ख्या मेहकरात बर्फाची पेटी दुसऱ्या कोणाजोळ हाय? सोड्याचा कारखाना काढला तो आज देशाच्या कामी आला. सकाळी खामगावच्या एस्टीनं नवी लादी आली, मी स्वतः भुसा झटकून आत घातली. कालपासून गावाले थंडं लेमन नाही. गिऱ्हाईक शिव्या देते, म्हन्लं देऊ दे. … हाव, उद्या सकाळी नागपूरची मोटर येते अन घेऊन जाते.

काय? … एक? … आज? … आत्ता?

थांबा, थांबा, बाई. मले समजलं नाही. त्या तं जवानांसाठी हायेत ना? तुमीच तं काल माइकवर सांगतलं. … बाळंतीण. … वार अडकली होती… हो… आता निघाली, पण रक्त थांबत नाही. … सलाईन लावलं तरी? … नाडी लागत नाही. अरे देवा. अगं आयकलं काय, आशा? दवाखान्यात कोणी बाळंतीण हाय, लय रक्त चाललं म्हणतात. … आमच्या घरचीले सांगून राह्यलो, बाई. इथंच उभी हाय.

नाही, मी नाही म्हणतच नाही. पण आयका ना… कागदावर नाव माहं हाय. जवान मदत समितीचा अध्यक्ष. काल सहीनिशी लिहून देल्लं, बाटल्या मिळाल्या, सांभाळून ठेवल्या. उद्या मोटरवाल्यानं इचारलं एक कुठी गेली, तं काय सांगू? सोड्यासंगं विकली?

… हो, जीवाचा सवाल हाय, समजते मले. पण रक्त तं आता देशाचं झालं ना? ज्यानं देल्लं त्याचंही नाही राह्यलं, माहं तं नाहीच नाही. मी देणारा कोण? … तुमी बुलढाण्याले इचारा ना, मोठ्या साहेबाले. … ट्रंक कॉल लागून नाही राह्यला? मोतीराम, काऊन नाही लागत बे? … लाइनी साऱ्या मिलिटरीच्या कामात? बरं. … आयकलं, बाई.

लेखी देता? … तुमच्या सहीनं? 'माझ्या जबाबदारीवर घेतली' असं? … नोकरी जाईन ना बाई तुमची. … जाऊ द्या म्हणता. … तुमी लयच सोपं करून बोलता. मले तं इथं घाम फुटला.

बरं. बरं, बरं! एक देतो. चिडू नका. कोणती देऊ सांगा. … बाटलीवरच्या कागदावर लिहेल हाय? … इंग्रजी अक्षर. बी, नाही तं ओ. … बी म्हणजे ते दोन पोटाचं ना? अन ओ म्हणजे गोल. हाव, तेवढं येते मले. आशा, पेटीतून एक बाटली आण. जपून. … थांबा, बाई, आणून राह्यली.

आण इकडे. … हे काय? … हे काय माखलं हिच्यावर? कुंकू? … एक मिनिट हं, बाई. … अगं, दुसरी आण. … हिच्यावरही? … साऱ्या? साऱ्याच्या साऱ्या?

हॅलो, डॉक्टरीणबाई… आता कसं सांगू. काल तुमची मंडळी गेली, अन मंग गावातल्या बाया आल्या. म्हणे, जवानांच्या अंगात जाणार हाय, असं कोरडं कसं धाडता? आमच्या घरचीनं पाट मांडला. हळदीकुंकू लावलं, पाणी शिंपडलं, एकेक बाटली ओवाळली. … हाव, कागदावरच लावलं. बाकी सारी काच, काचेवर कुंकू टिकत नाही ना, बाई. … शाई पसरली. नाव नाही, अक्षर नाही, सारं लालपिवळं. काहीच वाचता येत नाही. … रागावू नका. मीबी होतो तिथं. नारळ मीच फोडला.

… मंग काय होते? … चुकीचं रक्त गेलं तं… मरते? … माणूस? … म्हणजे जवान?

… आयकून राह्यलो, बाई. … तिथं पुन्हा तपासतीन. नाही तं फेकून देतीन. … फेकून? अर्जुनराव मास्तरले तं चक्कर आली, तरी माणूस खाटेवरून उठला नाही. म्हणे, बाटली भरू द्या. अन फेकून? … आमी तं पूजा केली, बाई. आमाले काय माहीत, पूजेनं माणूस मरते म्हणून.

अगं, रडू नको. तुले काय माहीत होतं? मले तरी कुठी माहीत होतं? … तुमाले नाही, बाई, हिले म्हन्लं. रडून राह्यली ती.

हाव, बोला. … साऱ्याच आणू? … एकेका बाटलीतला थेंब… अन तिच्या रक्ताचं वरचं पाणी… काचेवर मिळवून पाह्यचं. गुठळी झाली तं बाद. नाही झाली तं चालते. … अन बाकीच्यांसंगं तुमी चिठ्ठी देता नागपूरले, कागद खराब झाले, साऱ्या पुन्हा तपासा म्हणून. … ठीक. हे मले पटलं. आणतो.

पण कोण हाय हो ती? गावातलीच? … अहो, सहज इचारलं. … नाव कायले पाह्यजे म्हणजे? … सांगत नाही? अशी कोण लागून गेली की… काय? मोतीराम, तू काय बोलला मधात? … पुंजाजीची?

कोण पुंजाजी? … लोणारकडचा? तो मिलिटरीतला?

बाई, खरं हाय काय? … कोकिळा? पुंजाजीची बायको?

आता माहं आयका. नाही, आता तुमी आयका! पंधरा दिवसांच्या रजेवर आल्ता तो. लढाई लागली, हजर व्हायची तार आली, रजेवरचे सारे परत गेले. चिखलीचे गेले, देऊळगावचे गेले. हा नाही गेला. लपून बसला. काल मांडवात मी भाषण ठोकलं, अशा माणसाच्या घरचं पाणी पिऊ नका म्हन्लं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमीबी होत्या. … तुमी नाही वाजवल्या? ते मी पाह्यलं नाही. … अन आज त्याच्याच बायकोले जवानांचं रक्त देऊ? माह्या दारात समितीचे चार पोट्टे पहाऱ्याले बसेल हायेत. मीच बसवले. त्यायले काय सांगू?

तो कुठी हाय? … तिथंच? खाटेजोळ? … बाई, हे तुमी मले नव्हतं सांगाचं. आता माहीत झालं ना मले. माहीत झाल्यावर अध्यक्षानं काय करावं? … तुमच्या दवाखान्यात तो फक्त पेशंटचा नवरा हाय. मान्य. … तिनं काही नाही केलं, तेही मान्य. तुमी कोणालेच इचारत नाही, तुमचं कामच तसं हाय. पण माहं काम काय हाय? सांगा ना!

बाई, तुमाले माहीत नसीन. माहा पोरगा चिंतामण तिकडे लढाईवर हाय. सियालकोटच्या बाजूले. शेवटचं कार्ड आलं, त्याले सतरा दिवस झाले. रेडिओवर बातम्या लागल्या की ही हातातलं टाकून आयकते. अन रेडिओ काय एकेकाचं नाव थोडीच सांगते? मी त्या पेटीत बर्फ घालतो ना, तं दर बाटलीले मले वाटते, हीच त्याले लागली तं? हीच? अन मी ती पुंजाजीच्या घरात देऊन टाकली, अन तिकडे कमी पडली… देशाचं सारं भाषणापुरतं हाय, बाई. मले भेव वाटते. खरं एवढंच हाय.

… हॅलो? … हॅलो, बाई? कुठी गेल्या? … हां, आल्या. हाव, हायो मी.

काय म्हन्लं? … आंधीचे दोन लेकरं गेले? … दोन्ही बाळंतपणातच? … अन म्हणून थांबला तो? तार खिशात घेऊन? … हे मले कोणी सांगतलं नाही. … पण बाई, बायको तं साऱ्यायलेच हाय. साऱ्यायच्या बाया बाळंत होतात. सारेच थांबले असते, तं? … तुमालेही नाही माहीत? मंग मले काऊन पुसता? … मी पुसलं? हो, मीच पुसलं. डोकं चालून नाही राह्यलं माहं.

बाई… समजा, चिंतामण तिकडे पडला. जखमी. समजा, दुश्मनाच्याच हाती सापडला. तं त्यायचा डॉक्टर… तोबी असाच उभा राहीन ना, बाटली घेऊन? अन बाजूचा कोणी म्हणीन, हे आपल्या जवानांचं हाय, याले कायले देता? असाच कोणी… माह्यासारखा.

… नाही, तुमी काही नका बोलू. मीच बोलून राह्यलो.

आणतो. साऱ्या आणतो. आशा! … आशा, पेटी उचलाले लाव… कुठी गेली ही? एक मिनिट, बाई. आशा! … भिमाबाई! … कामवालीबी नाही, घरात कोणीच नाही. मघाशी तं इथं रडत उभी होती.

काय? … कोण आलं? … तुमच्याजोळ?

आमची आशा? … सोड्याची हातगाडी घेऊन? … अन भिमाबाई मागून ढकलून राह्यली? … अन माहे पोट्टे? दारातले? … तेच गाडी ओढून राह्यले होते? … काय सांगतलं तिनं त्यायले? … 'अध्यक्षाचा हुकूम हाय'?

अध्यक्ष इथं टेलिफोनले लटकला हाय, अन हुकूम तिकडे पोचला बी!

… मघाशीच? तुमी लाइनीवरून गेल्या होत्या, तवाच? … अन मले सांगतलं नाही? एवढं सारं बोलू देल्लं? … सिस्टर थेंब तपासून राह्यल्या तवर… 'तुमाले बोलायचं होतं.' … हाव. बोलायचं होतं.

काय म्हणते ती? तुमाले काय म्हन्लं तिनं? … पुन्हा सांगा. … 'चिंतामणच्या मायनं आणल्या, लागतीन तेवढ्या घ्या.'

… नाही. रडून नाही राह्यलो. … हाव, राह्यलो. तुमी माह्याकडे नका लक्ष देऊ. किती झाल्या तपासून? … तिन्ही बाद? … चौथी? काय झालं चौथीचं? सिस्टरले इचारा ना! … गुठळी नाही? … पक्कं? पुन्हा पाह्यलं? … कोणाची हाय ती? … हो, आता कोण सांगणार. कोणाची का असेना. लावा, बाई, लावा! माह्याशी काय बोलत बसल्या! मी बर्फ घेऊन येतो, बाकीच्या गरम व्हायच्या आंधी…

हॅलो? … बाई? … ठेवला.

… कोण? मोतीराम, तू अजून लाइनीत हायेस? … सारं आयकलं? … हाव, पुंजाजी तिथंच हाय.

काय? … ठाणेदाराले जोडू का?

… 

तू काय केलं असतं, माह्या जागी? … पाह्य, काल असतं तं मी म्हन्लं असतं, जोड, लवकर जोड. पण आत्ता कोकिळाच्या हातात रक्ताची सुई टोचेल हाय, अन तो खाटेजोळ बसला हाय. बाटली संपू दे. तिनं डोळे उघडू दे. … मंग? मंग मी त्याच्यासमोर उभा राह्यतो अन म्हणतो, चाल, मीच तुले एस्टीत बसवतो, पलटणीत जाऊन हजर हो. का त्याले ठाण्यात नेतो… का काहीच नाही बोलत. नाही माहीत, बे. त्याचं तोंड पाह्यल्याबिगर नाही सांगता येत.

… नको. नको जोडू. कोणालेच नको जोडू. … अन हे गावात सांगत नको फिरू. … हाव, माहीत हाय मले तुहं. तरी नको सांगू. निदान आजच्या दिवस. … ठेव आता. मले जाऊ दे.